खडूचं जहाज

प्रत्येक प्रशिक्षणात कुणीतरी विचारतंच, "मॅडम, तुमचा तो जहाजाचा तास बंद का केलात? पोरं किती रमायची!" रमायची, तेच तर दुखणं आहे. पण चहाचा कप हातात धरून उभ्या उभ्या हे सांगता येत नाही. "पोर्शन उरकत नाही हो," म्हणून मी सुटका करून घेत आले. आता एकदाचं लिहूनच टाकते.

'ब्रुक्स' या गुलामवाहू जहाजाचा १७८८ सालचा आराखडा तुम्ही पाहिला असेलच. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढणाऱ्यांनीच तो छापला होता. त्यात पुरुषाला जागा सहा फूट लांब आणि सोळा इंच रुंद. मुलाला पाच फूट, चौदा इंच. मुलीला साडेचार फूट लांब आणि रुंदी एक फूट. म्हणजे कंपासपेटीशेजारी पडलेली आपली फूटपट्टी! माझ्या डोक्यात ती पट्टीच बसली. आठवीची बाकं भिंतीला सरकवली, फरशीवर खडूने रेघा मारल्या आणि वर्गाला त्यात झोपवलं. "ए, सरक ना", "बाई, ह्याचा पाय माझ्या जागेत". मी खूश. काही वर्षं तो तास मी मिरवलासुद्धा.

मग एका वर्षी सगळे उठले आणि एक मुलगी उठेना. डोळे मिटलेले, दोन्ही हात छातीशी. बाकीच्यांचे गणवेश खडूने पांढरे झाले होते, हिला एक रेघ लागली नव्हती. मी म्हटलं, "काय गं, झोप लागली?"

"नाही बाई. ट्रॅक्टरात आम्ही असंच झोपतो. खाली भांडी, वर आम्ही."

दसरा झाला की आमच्या भागातली माणसं ऊसतोडीला निघतात. त्या वर्गातली निम्मी पोरं तशाच ट्रॉलीतून गेलेली. तरी वर्ग हसला. का, ते मला आजही नीट कळलेलं नाही. आणि मी काय केलं? "छान निरीक्षण," म्हणाले आणि फळ्याकडे वळले.

मधल्या सुट्टीत तिचं नाव 'गुलाम' पडलं. आठवड्याभरात तिने शाळा सोडली. घरी गेले तर आई-बाप कारखान्यावर, दारात आजी. "पोरीला गुलाम कोणी केलं, बाई?" एवढंच विचारलं तिने. बस म्हणालीसुद्धा नाही. पंधरा दिवसांनी मुलगी आली, ती वर्षभर माझ्या तासाला मागच्या बाकावर बसली.

तेव्हाची मी अजून माझ्याशी भांडते. तो तास नसता तर ती बोलली असती का? आगाऊ घेतलेली उचल फिटत नाही म्हणून टोळीच्या मुकादमाकडे पुन्हा जाणाऱ्या माणसाला काय म्हणायचं, हा प्रश्न त्या वर्गात निघाला तरी असता का? आणि जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना. हा धागा मी थोडाच जोडलाय? सगळं खरं. पण जोतीरावांनी कुणाला फरशीवर झोपवलं नव्हतं.

तो आराखडा वरून बघणाऱ्याचा आहे. त्यातल्या एकाही माणसाला तोंड नाही. आणि एकीने तोंड उघडलं, तेव्हा मी पाठ फिरवली.

आता मी वर्गात गुलामीतून पळालेल्या हॅरिएट जेकब्जचं १८६१चं आत्मकथन वाचते, माझ्याच मोडक्यातोडक्या मराठीत. नॉर्थ कॅरोलायनात आजीच्या घराच्या माळ्यावर ती जवळजवळ सात वर्षं लपली होती. माळा नऊ फूट बाय सात, उंची जास्तीत जास्त तीन फूट. तिथे तिला एक गिरमिट सापडलं. त्याने भोकं पाडून तिने इंचभराचा झरोका केला. मुलांना सांगते, कागदाला इंचाचं भोक पाडा आणि तिला त्यातून काय दिसलं ते काढा. सगळे तिची लेकरं काढतात. मग मी पुढचं वाचते: पहिला दिसला तो डॉक्टर, ज्याच्यापासून ती लपली होती तोच. लेकरं नंतर. हा क्रम तिचा आहे, तो मला किंवा मुलांना बदलता येत नाही.

हा तास रटाळ होतो, मान्य. दोघं-तिघं पेंगतात.

आराखडा अजूनही दाखवते, मापांसकट. परवा एकाने विचारलं, "बाई, झोपायचं नाही का? ताई म्हणाली होती, तुम्ही झोपवता." नाही म्हटलं. तो गप्प बसला. थोड्या वेळाने पाहिलं, तर पट्टी आडवी धरून शेजारच्याच्या खांद्याला लावून बघत होता.