आईच्या ब्रिटनभेटीचा व्हिसा: नकारापासून प्रवासापर्यंत

आईचा ‘स्टँडर्ड व्हिजिटर’ व्हिसा नाकारल्याचे पत्र आले तेव्हा नातेवाइकांकडून पहिला सल्ला आला तो अपील करण्याचा. तो बिनकामाचा होता, कारण कुटुंबीयांना भेटायला येणाऱ्यांचा अपिलाचा सर्वसाधारण हक्क ब्रिटनने २५ जून २०१३ पासून काढून घेतला आहे. मानवी हक्कांच्या मुद्द्यावर अपील करता येते. परंतु नोकरी करणारा मुलगा आणि त्याला काही आठवडे भेटायला येणारी आई यांच्या बाबतीत तो मुद्दा टिकणे फार अवघड असते. न्यायालयीन पुनर्विलोकनाची वाट खर्चिक आहे. राहतो तो नवा अर्ज. त्यासाठी काही काळ थांबण्याचे बंधन नसते, मात्र शुल्क पुन्हा पूर्ण भरावे लागते.

नवा अर्ज भरण्याआधी नकारपत्र शांतपणे, एकेक वाक्य सुटे करून वाचावे. आमच्या पत्रात अभ्यागतांच्या नियमावलीतील, म्हणजे ‘अपेंडिक्स व्ही’मधील ४.२ या नियमाचा उल्लेख होता. भेट संपल्यावर अर्जदार परत जाईल, भेटीचा हेतू खरा आहे आणि खर्चापुरते पैसे उपलब्ध आहेत, याबद्दल अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे, असा त्याचा आशय. ही वाक्ये साचेबद्ध असतात. खरी माहिती त्यांच्या वरच्या परिच्छेदांत होती. अर्जाच्या थोडे आधी आईच्या खात्यात मोठी रक्कम जमा झाली असून तिचा उगम दाखवलेला नाही, हा एक आक्षेप. आणि मायदेशी परतण्यास भाग पाडतील अशा कौटुंबिक व आर्थिक बाबींचा पुरेसा पुरावा नाही, हा दुसरा.

ती रक्कम आईच्याच मुदत ठेवीची होती. ठेव मुदत संपून खात्यात वळती झाली होती. पण स्टेटमेंटवर नुसता आकडा आणि तारीख दिसत होती, आणि अधिकारी फोन करून विचारत बसत नाही. दुसऱ्या अर्जासोबत आम्ही ठेवीची मूळ पावती, मुदतपूर्तीबद्दल बँकेने दिलेले पत्र आणि ती नोंद अधोरेखित केलेले स्टेटमेंट ही तीन कागदपत्रे सलग लावली. निवृत्तिवेतनाच्या बाबतीतही तसेच केले: निवृत्तिवेतनाच्या आदेशातील रक्कम आणि दर महिन्याला खात्यात जमा होणारी रक्कम यांचा मेळ सहज दिसेल, अशी मांडणी केली. वडील मागे घरीच राहणार होते. त्यांचे पत्र आणि घराच्या मालकीची कागदपत्रे जोडली. इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदाचे भाषांतर दिले आणि त्याखाली ते अचूक असल्याचे भाषांतरकाराचे निवेदन, नाव, सही, तारीख व संपर्क अशी पूर्ण नोंद घेतली. सोबतच्या पत्रात पहिल्या नकारातील आक्षेप क्रमाने लिहून प्रत्येकासमोर उत्तर आणि पुराव्याचा पान क्रमांक दिला. माझ्या मते निकाल बदलला तो या पत्रामुळे.

मुलाने किंवा मुलीने खर्च उचलणे नियमांत बसते. त्यासाठी पगाराच्या पावत्या, बँक स्टेटमेंट, ब्रिटनमधील वास्तव्याच्या परवानगीचा पुरावा आणि घरात राहण्याची सोय दाखवावी. परंतु प्रायोजकाच्या कागदांचा ढीग रचून भागत नाही. माझा पगार कितीही असला, तरी आई परत जाईल हे त्यावरून सिद्ध होत नाही, आणि बहुतेक कुटुंबे नेमकी याच ठिकाणी अडतात. निमंत्रणपत्रातील शब्दही जपून वापरावेत. आजीने नातवंडासोबत वेळ घालवण्याला हरकत नाही. मात्र ‘बाळ सांभाळायला येत आहे’ असे लिहिले, की ही भेट आहे की काम, असा प्रश्न उभा राहतो.

अर्जात पूर्वीच्या नकाराबद्दल थेट विचारलेले असते आणि तिथे खरेच उत्तर द्यावे. नकार लपवल्यास ती फसवणूक ठरते आणि पुढील अर्ज १० वर्षांपर्यंत नाकारले जाऊ शकतात. ‘तेवढे गाळून टाका’ असे सांगणाऱ्या एजंटाला दुरूनच नमस्कार करावा.

प्रवासाच्या तारखेच्या आधी ३ महिन्यांपर्यंत अर्ज करता येतो. निर्णयाला साधारण ३ आठवडे लागतात, असे धरून चालावे आणि तोवर तिकीट काढू नये. आम्ही व्हिसा हाती आल्यावरच विमान ठरवले आणि व्हीलचेअरची मागणी विमान कंपनीकडे तेव्हाच नोंदवली. हीथ्रोला भारतीय पासपोर्टवर स्वयंचलित गेट वापरता येत नाहीत, त्यामुळे अधिकाऱ्यासमोर उभे राहावेच लागते. आईच्या हातातील पिशवीत निमंत्रणपत्र, परतीचे तिकीट, माझा पत्ता आणि फोन क्रमांक यांच्या छापील प्रती होत्या. कोणाकडे जाणार, किती दिवस राहणार आणि परत कधी जाणार, एवढेच तिला विचारण्यात आले. अर्जात लिहिलेल्या तारखा तिला तोंडपाठ असल्याने अडचण आली नाही. व्हिसासाठी विम्याची सक्ती नसली, तरी तो घ्यावा, कारण अभ्यागताला रुग्णालयात दाखल करावे लागल्यास सरकारी दराच्या १५० टक्के आकारणी होते.

व्हिसा ६ महिन्यांपर्यंत राहण्याची मुभा देत असला, तरी अर्जात सांगितलेल्या सुमारासच आई परतली. तिचे बोर्डिंग पास आणि पासपोर्टवरील शिक्के यांच्या प्रती आम्ही जपून ठेवल्या आहेत. पुढच्या अर्जात जुना नकार पुन्हा नोंदवावा लागेल, तेव्हा त्याशेजारी वेळेवर परतल्याचा हा पुरावा लावता येईल.