फोटो विकत कुणी घेतला?

"फोटो कुणी घेतला, कुठं लावला, काय कळतंय का रं तुला?"

आज सकाळी तालमीत वस्तादांनी एवढंच विचारलं आणि मला उत्तरच देता आलं नाही.

मीच हौसेनं मोबाईल पुढं केलेला, वस्ताद तुमच्या हाताचा फोटो स्टॉक साईटवर, म्हणजे फोटो विकणाऱ्या वेबसाईटवर, विकला गेला म्हणून. लाल मातीतला पंजा, हळद-तेल-ताक मुरलेली ती माती नखांच्या कडेला बसलेली. मिळाले 10 सेंट, म्हणजे आपले आठ-नऊ रुपये. घेणारा कोण, ते साईट सांगत नाही.

वस्तादांनी टॉवेलला हात पुसून मोबाईल घेतला, फोटो मोठा केला, स्वतःचीच बोटं बराच वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मला ह्यो कागदावर पाहिजे. किती घेशील?"

त्यांच्याकडून कसले पैसे घ्यायचे, पण दिवसभर डोक्यात तेच, साईट सोडून फोटो आपणच थेट विकले तर? 24 मेगापिक्सेलच्या फाईलमधून 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) 20 बाय 13 इंची प्रिंट आरामात निघते, मग एका फोटोच्या फक्त 25 प्रिंट काढायच्या, मागं नंबर आणि सही, इन्स्टावर टाकायच्या, पैसे यूपीआयनं, नळकांड्यात गुंडाळून कुरिअर. नाहीतर प्रिंट ऑन डिमांडवाल्या साईट आहेतच, ऑर्डर आली की छापणं-पाठवणं त्यांचं, मूळ दरावर आपलं मार्जिन आपण ठरवायचं. एखाद्या कंपनीनं फोटो वापरायला मागितला तर लायसन्स, म्हणजे वापरायची परवानगी, लेखी द्यायचं, कशासाठी आणि किती वर्षं ते लिहून, कॉपीराईट आपल्याकडंच ठेवून.

वस्तादांची प्रिंट उद्या टाकतोय, मॅट पेपरवर.

कोल्हापुरात कुणी असं थेट विकताय का? पहिलं गिऱ्हाईक कसं मिळालं?