फोटोच्या पाठीवरची नावं

‘गंगेवर. मे. सगळे.’

सरांच्या फोटोंच्या पाठीवर याहून जास्त मजकूर क्वचितच असायचा. नाशिककराला पहिले दोन शब्द पुरतात. गंगा म्हणजे आपली गोदावरी, आणि मे महिन्यात लिहिणारी मंडळी गंगेवर जमलेली दिसली की ती वसंत व्याख्यानमाला, दर मे महिन्यात नदीकाठी भरणारी. फोटो व्याख्यान सुरू व्हायच्या आधीच्या, कलत्या उन्हातला. बाहेरगावी वाढलेल्या नातवंडांनी हाच फोटो काशीच्या पाकिटात घातला असता. घोडं अडायचं ते तिसऱ्या शब्दाशी. सगळे म्हणजे कोण कोण?

त्या एका शब्दासाठी आमच्या मंडळाचा, फोटोतली माणसं ओळखायचा वार्षिक मेळावा भरायचा. २७ फेब्रुवारी हा तात्यासाहेब शिरवाडकरांचा, म्हणजे कुसुमाग्रजांचा जन्मदिवस. त्याच्या आसपासचा रविवार, शाळेचं सभागृह, सकाळी ९ ते १. सर कवी होते आणि कॅमेरा बाळगून असायचे. त्यांच्यामागे घरच्यांनी बिस्किटांचे पत्र्याचे डबे भरून फोटो मंडळाच्या हवाली केले. लेखक मित्र, त्यांच्या घरची माणसं, अंगणातले पाहुणे, वाचन संपल्यावर पायऱ्यांवर रेंगाळलेली टोळकी. तात्यासाहेब किंवा वसंतराव कानेटकर एखाद्या फोटोत असले तर त्यांना ओळखायला मेळावा लागत नाही. मेळावा लागतो तो त्यांच्यामागे खांबाला टेकून उभ्या असलेल्या, हातात वही धरलेल्या मुलासाठी.

फोटो समजून घ्यायचे तर आधी कॅमेरा समजायला हवा. सरांचा होता आग्फा क्लिक थ्री. १२०चं रीळ, एका रिळात चौकोनी १२ फोटो. अंतर जुळवायची सोय नाही, त्यामुळे सात-आठ फुटांच्या आतला चेहरा पुसट यायचा. म्हणून सर सगळ्यांना लांब उभं करत, आणि म्हणूनच साडेतीन इंची प्रिंटवर प्रत्येक चेहरा तुरीच्या दाण्याएवढा. शटर संथ. बोलता बोलता हात हलला की हाताच्या जागी पांढरा धूर. नीट पाहिलं तर बडबडे कोण आणि ऐकणारे कोण, हेही त्या धुरावरून कळायचं. रीळ पुढे सरकवायचं राहिलं तर एकावर एक दोन फोटो उमटायचे. असा एक आहे: घाटाच्या पायऱ्यांवर बसलेल्या चार कवींच्या अंगावरून दोरीवरची धुतलेली धोतरं वाळताहेत. कुणी तरी तो बाद म्हणून बाजूला काढला होता. आम्ही तो पहिल्या टेबलावर ठेवायचो.

सभागृहात मूळ प्रिंट कधीच हाताळायला द्यायची नाही, हा पहिला नियम. महिनाभर आधी फोटो स्कॅन व्हायचे. प्रिंट असेल तर ६०० डीपीआय, निगेटिव्ह हाती असेल तर २४००. निगेटिव्ह शक्यतो शोधायचीच, कारण प्रिंटमध्ये न दिसणाऱ्या चष्म्याच्या काड्या आणि कानातल्या कुड्या तिच्यात दिसतात. मग फोटो ए-फोर कागदावर मोठा करून त्यावर बटर पेपर लावायचा, वरच्या कडेलाच चिकटवायचा म्हणजे उचलून खाली पाहता येतं. टू-बी पेन्सिलने प्रत्येक डोक्याची बाह्यरेषा काढायची आणि आकडे घालायचे. मागची रांग आधी, डावीकडून उजवीकडे. कडेला अर्धा कापला गेलेला माणूस असेल तर त्यालाही आकडा. खिडकीतून डोकावणाऱ्या पोरालाही. सोबत एक तक्ता: आकडा, नाव, सांगणाऱ्याचं नाव, आणि शेवटच्या रकान्यात ‘खात्री’ किंवा ‘वाटतं’.

शेवटचा रकाना सुरुवातीच्या वर्षी नव्हता, आणि त्यामुळे मोठा घोळ झाला. घोळक्यात एखादे काका छातीठोकपणे नाव सांगतात, बाकीचे माना डोलावतात आणि चूक कायमची होऊन बसते. पुढच्या वर्षीपासून एकाच फोटोच्या तीन प्रती तीन टेबलांवर ठेवल्या, एकमेकांपासून लांब. दोन टेबलांवर तेच नाव आलं तरच ते शाईने. एकाच टेबलावर आलं तर पेन्सिलने, पुढल्या वर्षासाठी. तिन्हीकडे वेगवेगळं आलं की मग मात्र तिन्ही टेबलं एकत्र यायची, आणि ती अर्धी घटका सबंध मेळाव्यात सगळ्यात रंगायची. ‘अहो, तो डाव्या हाताने लिहायचा, बघा पेन कुठल्या हातात आहे!’

आणि इथेच आणखी एक फसगत ठरलेली. निगेटिव्ह उलटी धरून प्रिंट काढलेली असली तर डावं-उजवं सगळं फिरतं. तपासायची सोपी खूण म्हणजे सदऱ्याचा खिसा. तो डाव्या छातीवर हवा. नंतर मनगटी घड्याळ, नंतर पदर, आणि मागे पाटी असेल तर तिच्यावरची अक्षरं. गुजराती पद्धतीचा पदर उजव्या खांद्यावरून पुढे येतो, म्हणून एकट्या पदरावर भिस्त ठेवायची नाही.

सालासाठी प्रिंटच्या कडा पाहायच्या. दातेरी कडा म्हणजे बहुधा जुना काळ, साठच्या दशकापर्यंतचा. छातीवर संमेलनाचा बिल्ला दिसला तर काम सोपं. नाशिकला साहित्य संमेलन १९४२मध्ये आचार्य अत्र्यांच्या अध्यक्षतेखाली झालं, त्यानंतर थेट २००५मध्ये. तेव्हा सरांच्या कृष्णधवल फोटोतला बिल्ला म्हणजे परगावचं संमेलन हे पक्कं. मग आठवणाऱ्यांना विचारायचं ते गावाचं: १९६४चं मडगाव, जिथे तात्यासाहेब अध्यक्ष होते, की आणखी कुठलं? पावसाळ्यातल्या फोटोला साक्षीदार दुतोंड्या मारुती, गोदावरीच्या पात्रातली उंच मूर्ती. पाणी त्याच्या गुडघ्याला की कमरेला, यावरून म्हातारी माणसं कुठला पूर ते सांगायची. १९६९चा महापूर पाहिलेल्यांचं ऐकत राहावं. पण पूर आणि माणूस या दोन्ही गोष्टी एकाच्याच तोंडून घेऊ नयेत, एकीची चूक दुसरीला ओढून नेते.

सगळ्यात जास्त वेळ जायचा तो बायकांच्या नावांवर, आणि तो जायलाच हवा होता. फोटोच्या पाठीवर कवींची नावं टोपणनावांसकट. पुढे ‘आणि सौ.’ किंवा ‘वहिनी’. चहाचा ट्रे घेऊन दारात उभी असलेली बाई प्रत्येक दुसऱ्या फोटोत आहे. तिच्या घरी मैफिल झाली, तिच्या स्वयंपाकघरात पंचवीस माणसांचा चहा उकळला, आणि पाठीवर तिचं नाव नाही. म्हणून तक्त्यात ‘सौ.’ लिहायला बंदी होती. सासरचं नाव, माहेरचं नाव आणि घरात हाक काय मारत, तिन्ही लिहायचं. मुलांचंही तसंच. यासाठी लेखकांना बोलावून उपयोग नसतो. शेजारणी, भाचरं, जावा यांना बोलवावं लागतं, तेही एकेकीला घरी जाऊन. निमंत्रणपत्रिकेने त्या येत नाहीत. आल्या की मात्र बटर पेपर बाजूला सारून साडीवरून माणूस ओळखतात. ‘हे इरकल तर आमच्या नमूमावशीचं, पण नेसलीय तिची जाऊ,’ असं वाक्य फोटोंच्या कुठल्याच अभ्यासकाला सुचणार नाही.

अल्बमांची कथा वेगळी. जुन्या काळ्या पानांचे, कोपरे लावलेले अल्बम उत्तम; कोपऱ्यातून फोटो अलगद निघतो. घात केला तो नंतरच्या चिकट पानांच्या, वर प्लॅस्टिक असलेल्या अल्बमांनी. त्यांचा गोंद पिवळा पडतो आणि फोटोला धरून ठेवतो. ओढायचं नाही. दात साफ करायचा दोरा (डेंटल फ्लॉस) फोटोच्या कोपऱ्याखाली घालून करवतीसारखा हळूहळू पुढे न्यायचा. निम्म्यात अडला तर थांबायचं आणि पानासकट स्कॅन करायचं. काचेला चिकटलेला फोटो तर काचेतूनच स्कॅन करावा. पावसाळ्यात एकमेकांना चिकटलेल्या कृष्णधवल प्रिंट स्वच्छ गार पाण्यात अर्धा तास ठेवल्या तर बहुधा सुटतात, पण आधी पाठीचा फोटो काढून घ्यायचा, कारण शाई पाण्यात जाते आणि तिच्याबरोबर नावं. बुरशी धरलेल्या रंगीत प्रिंटला पाणी दाखवूच नये.

पाठीवर नवं लिहायचं ते मऊ पेन्सिलने, टेबलावर पालथं ठेवून, न दाबता. बॉलपेनची रेघ पुढे चेहऱ्यावर उमटते. एका सुंदर समूहचित्रात मधल्या कवयित्रीच्या गालावर ‘१९७’ असे उलटे आकडे उठले आहेत. कुणी तरी साल लिहायला घेतलं आणि शेवटच्या आकड्याशी अडलं.

खाणं साडेबारानंतर, हाही नियम, आणि तो सगळ्यांना जड जायचा. मिसळीचा वास दहापासूनच यायचा. पण तर्रीचं बोट कागदावरून निघत नाही, आणि फेब्रुवारीत कुणी ना कुणी मळ्यातून द्राक्षांची पेटी आणलेलीच असायची. द्राक्षाच्या चिकट हाताने बटर पेपर उचलला की रेषाच पुसते. म्हणून आधी तक्ते गोळा, पेट्या बंद, मग पंगत. पंगतीत मात्र आणखी चार नावं आठवायचीच, म्हणून वाढणाऱ्यांपैकी एकाच्या खिशात वही असायची. मेळाव्यातली निम्मी खरी नावं त्या वहीतली आहेत.

तक्त्यातल्या एका आकड्याचं नाव आम्ही कुणाला विचारत नसू, आणि तो मुद्दामच घातलेला असायचा. कॅमेऱ्याची शिकवण अशी की सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी हवा. सर ती तंतोतंत पाळत. त्यामुळे सकाळच्या आणि संध्याकाळच्या बहुतेक फोटोंत खालच्या कडेला एक लांब सावली येते: दोन्ही कोपरं बाहेर काढलेली, मध्ये डोक्याशी धरलेला कॅमेरा, धोतराचा सोगा वाऱ्यावर. मित्रांच्या चपलांपर्यंत पोचलेली. बटर पेपरवर तिचीही बाह्यरेषा काढायची आणि शेवटचा आकडा द्यायचा. तक्ते जमा करताना पाहिलं की तिन्ही टेबलांवर त्या आकड्यापुढे कुणी ना कुणी, विचारलेलं नसताना, ‘सर’ लिहून ठेवलेलं असायचं, आणि पुढच्या रकान्यात ‘खात्री’.