चेंडू कधी सुटला हे कळायची गरजच नाही

गुरुत्वीय त्वरण घरी मोजायचं म्हटलं की बहुतेक जण चेंडू सोडतात, स्टॉपवॉच दाबतात आणि आलेला काळ सूत्रात घालतात. उत्तर ९.८ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या जवळ यायला हवं, पण कधी ७ येतं, कधी १४. दोष सूत्राचा नाही. १.२ मीटर पडायला चेंडूला जेमतेम अर्धा सेकंद लागतो आणि सूत्रात काळाचा वर्ग आहे. त्यामुळे काळ जितके टक्के चुकेल, त्याच्या साधारण दुप्पट उत्तर चुकतं. मोबाईलच्या सेकंदाला ३० फ्रेमच्या व्हिडिओतसुद्धा सुटण्याचा क्षण एका फ्रेमने हुकला तर सुमारे १३ टक्क्यांचा फरक पडतो.

म्हणून तो क्षण हिशेबातूनच काढून टाकावा. त्वरण एकसमान असेल तर सारख्या वेळात कापलेली लागोपाठची अंतरं सारख्याच रकमेने वाढतात, आणि ती वाढ म्हणजे त्वरण गुणिले त्या वेळेचा वर्ग. सुरुवातीचा वेग वजाबाकीत उडून जातो. गॅलिलिओने १६३८च्या ग्रंथात मांडलेलं १, ३, ५, ७ हे प्रमाण चेंडू सुटतानाची फ्रेम अचूक मिळाली तरच दिसतं. पहिली फ्रेम ०.०३ सेकंद उशिरा धरली, तर दर ०.१ सेकंदाची अंतरं ७.८, १७.६, २७.४, ३७.२ सेंमी येतात. प्रमाण पार बिघडलं, पण फरक पाहा: प्रत्येक वेळी ९.८ सेंमी. मला या विषयातली ही सगळ्यात देखणी गोष्ट वाटते.

प्रत्यक्षात मात्र ०.१ सेकंदाचं अंतर घेऊ नका. चेंडूची जागा वाचताना तीन-चार मिलिमीटर इकडेतिकडे होतातच, आणि ९.८ सेंमीच्या फरकात ती चूक फार मोठी ठरते. ०.२ सेकंद घ्या. तीनच फ्रेम लागतात: पहिली, सहा फ्रेमनंतरची आणि बारा फ्रेमनंतरची. वरच्या उदाहरणात अंतरं २५.५ आणि ६४.७ सेंमी, फरक ३९.२. त्याला ०.०४ ने भागलं की ९८० सेंमी, म्हणजे ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग.

मांडणी साधी आहे. मेटल टेप भिंतीला उभी चिकटवा, चेंडू दीड मीटरवरून टेपला जवळजवळ लागून सोडा, मोबाईल स्टँडवर मधल्या उंचीला तीन-चार मीटर लांब ठेवा आणि झूम करा. मोबाईल दोन मीटरवर आणि टेप चेंडूच्या दहा सेंमी मागे असेल तर टेपवरची सगळी अंतरं ५ टक्के जास्त दिसतात, त्वरणही तितकंच वाढतं. चित्रण उन्हात करा. प्रकाश कमी असला की शटर जास्त वेळ उघडं राहतं आणि चेंडूची लांबट रेघ उमटते. काही फोन फ्रेमचा वेगही आपोआप कमी करतात. वाचताना दरवेळी चेंडूची खालची कडाच धरा. संगणकावर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘ई’ दाबलं की व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकतो.

स्लो मोशनमध्ये सर्वाधिक घोटाळा होतो. २४० फ्रेमने घेतलेला व्हिडिओ ३०च्या वेगाने चालतो, म्हणजे पडद्यावरचा वेळ आठपट. तोच वेळ धरला तर त्वरण ६४ पट कमी, सुमारे ०.१५ येतं. तेव्हा सेकंद न बघता फ्रेम मोजा. २४०च्या चित्रणात ०.२ सेकंद म्हणजे ४८ फ्रेम.

चेंडू लेदरचा घ्या. १६० ग्रॅमच्या क्रिकेटच्या चेंडूला या उंचीत हवेचा अडथळा शेवटी शेवटी दोनेक टक्के जाणवतो. टेबल टेनिसचा चेंडू जेमतेम २.७ ग्रॅमचा, पाच मीटर प्रति सेकंद वेगाला त्याचं त्वरण जवळजवळ एक तृतीयांशाने घटलेलं असतं, आणि मग फरक सारखे राहत नाहीत, खाली येताना लहान होत जातात. मुंबईचं ९.७९ आणि पुस्तकातलं ९.८ यांतला भेद या पद्धतीत दिसणार नाही. त्यासाठी लंबकाकडे वळावं लागेल.