कंटाळा आलाय की रंग गेलाय?

कोल्हापुरात चारचाकीच्या रंगाला वैरी फार. पहिला मान उसाचा. कारखाने सुरू झाले की ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या लागतात आणि बाजूनं बाहेर आलेली उसाची टोकं शेजारून जाणाऱ्या गाडीवर सही ठोकून जातात. ट्रॅक्टरवाल्याला पत्ताच नसतो, त्याच्या टेपचा आवाज तुमच्या हॉर्नच्या वर असतो. मग गुलाल. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर गाडी नेली की तो दाराच्या रबरात, वायपरच्या बुडाशी, डिकीच्या फटीत असा मुक्काम करतो की आषाढातल्या पावसातही एखादा गुलाबी ओघळ निघतो. पण गुलाल शेवटी धुऊन जातो आणि उसाचा ओरखडा टचअपमध्ये झाकता येतो. खरा वैरी ऊन. ते रोज येतं आणि त्याची तक्रार कुणाकडं करता येत नाही.

आमची गाडी सिल्व्हर, बाराव्या वर्षात आलेली. इंजिन ठणठणीत, टपावर मात्र पांढरे चट्टे. आधी ते पाण्याचे डाग वाटतात. नख लावून बघावं तर पातळ, पारदर्शक पापुद्रा सुटून बोटाला चिकटतो आणि खाली उरतो तो निस्तेज, कोरडा रंग. गाडीच्या रंगाचे सगळे थर मिळून असतात शंभर-सव्वाशे मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा-दहावा भाग. तळाला गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर चाळीसेक मायक्रॉनचा बिनरंगी क्लिअर कोट. शोरूममधून गाडी काढताना आपण ज्या चमकेवर भुलतो ती या बिनरंगी थराची असते. तो गेला की खालचा रंग उघडा पडतो.

कोल्हापुरात गाडीबद्दल सल्ला मागावा लागत नाही. पेट्रोल पंपावर, मिसळीच्या टेबलावर, लिफ्टमध्ये, कुठंही मिळतो. माझ्या भाच्यानं तर गाडीभोवती एक फेरी मारली आणि निकाल देऊन टाकला. "मामा, रंग कशाला देताय? रॅप करा की. सॅटिन ग्रे टाकू. गाडी वळखू येणार न्हाई."

गाडी ओळखू येऊ नये असं मला का वाटावं, हा प्रश्न त्याला पडला नव्हता. पण रॅप, म्हणजे गाडीच्या रंगावर चिकटवायची रंगीत प्लास्टिक फिल्म, मला आवडला, हे खरं आहे. त्यात माघारीची सोय आहे. तीन-चार वर्षांनी कंटाळा आला तर सोलून काढायचा, खाली कंपनीचा मूळ रंग तसाच. रंगाच्या बाबतीत अशी मुभा मिळत नाही; एकदा गाडी लाल केली की तुम्ही लाल गाडीवाले. लग्नाच्या वरातीपुरती काळी, मग परत पांढरी, असे लाड रॅपच करू जाणे.

भाचा मला एका रॅपवाल्याकडं घेऊन गेला. पोरगा पंचविशीतला, पण हात बघण्यासारखा. एका गाडीचा आरसा चालला होता. दार आणि बॉनेट सपाट असतात, तिथं कुणीही बरं काम करतो. आरशाच्या गोलाईवर कारागीर कळतो. त्यानं फिल्मचा चौकोन आरशावर टाकला, चारी बाजूंनी ओढला, हीट गनची झळ दिली. प्लास्टिक एकदम मऊ पडलं आणि सुरकुत्या आपोआप नाहीशा झाल्या. मग कडेला लोकर लावलेली पट्टी मधून बाहेर, मधून बाहेर अशी फिरवत हवा काढली. चिकट बाजूला बारीक खाचा असतात, हवा त्यांतून निघून जाते. कड आत दुमडून झाल्यावर त्यानं ती पुन्हा तापवली. "ह्ये केलं न्हाई तर फिल्मला आपला जुना आकार आठवतोय, मग ती परत फिरती," तो म्हणाला. हे मला फार आवडलं. त्यापुढं त्यानं किंमत सांगितली, ती तेवढी आवडली नाही.

फिल्मच्या दोन जाती असतात आणि स्वस्तात रॅप करून देतो म्हणणारा या जातींबद्दल सहसा बोलत नाही. एक कास्ट: पातळ माल ओतून, सावकाश सुकवून केलेली. ती ताणली तरी आखडायची ओढ तिच्यात कमी. दुसरी कॅलेंडर्ड: रुळांमधून दाबून, लाटून काढलेली. ती जाड असते, स्वस्त असते आणि लाटतानाचा ताण तिच्या अंगात शिल्लक असतो. म्हणून उन्हात ती कडेनं आखडते आणि बंपरच्या खोलगट जागी सुटते. पाट्या आणि जाहिराती यांना ती ठीक, अख्ख्या गाडीला नको. शिवाय पीपीएफ म्हणून जी पारदर्शक, जाड फिल्म असते तीही लोक रॅपमध्येच मोजतात. तिचं काम वेगळं. ती नव्या गाडीचा रंग वाचवते, जुन्या गाडीचा चट्टा तिच्यातून स्वच्छ दिसतो.

रॅपवाल्यानं आमच्या टपाकडं एकदा बघितलं आणि प्रामाणिकपणे हात वर केले. क्लिअर कोट सुटलेल्या जागी फिल्म लावली तर ती पत्र्याला चिकटत नाही, सुटणाऱ्या पापुद्र्याला चिकटते. वरून उंचवटे दिसतात ते वेगळंच. आणि काढायच्या दिवशी फिल्म उरलासुरला रंगही घेऊन जाते. म्हणजे माघारीची जी सोय मला मोहवत होती, ती खालचा रंग धडधाकट असेल तरच. "आधी रंग मारून घ्या, म्हैनाभर सुकू दे, मग या," असं तो म्हणाला. ताज्या रंगातून सॉल्व्हंटची वाफ निघत राहते, ती फिल्मखाली कोंडली की फोड येतात. रंग मारायचा आणि मग तो झाकायला पुन्हा पैसे मोजायचे, हे गणित घरात मांडायची माझी तयारी नव्हती.

मग उद्यमनगर. तिथल्या ज्या पेंटरकडं मी गेलो त्यांना सगळे अण्णा म्हणतात. दारात एक गाडी उभी होती, काचांवर पेपर चिकटवलेले, आणि त्या पेपरातल्या सगळ्या पक्षांच्या उमेदवारांच्या तोंडावर एकसारखा निळा फवारा उडालेला. अण्णांनी आमच्या गाडीकडं बघितलं नाही, हात लावला. तळहाताखाली सुती फडकं धरलं, मान दुसरीकडं वळवली आणि डाव्या दारावरून हात पुढं-मागं फिरवत नेला. "हितं पोचा हाय. आन् हितं कुणीतरी लांबी भरलीया." मला बारा वर्षांत तिथं काही दिसलं नव्हतं. आताही दिसत नव्हतं. त्यांनी वॉटर पेपर घेऊन नखाएवढी जागा घासली, तर खाली खरंच पिवळसर पुट्टी.

डोळ्यांवर भरवसा न ठेवण्याची ही पद्धत पुढंही चालते. पत्रा घासून झाला की त्यावर काळ्या रंगाची हलकी भुकटी मारतात आणि पुन्हा सपाट ठोकळ्यावर पेपर लावून घासतात. उंच जागेवरचं काळं निघून जातं, खोलगट जागेत राहतं. जिथं काळं राहिलं तिथं काम बाकी. रंगकामातले बहुतेक पैसे या घासण्याचे असतात. शेवटचा फवारा तासा-दोन तासांचा खेळ, आणि गिऱ्हाईक नेमकं तेवढंच बघायला येतं. बेस कोट मारल्यावर गाडी मलूल, खडूनं रंगवल्यागत दिसते. तेव्हा माणसं घाबरून भांडायला उठतात, असं अण्णा सांगत होते. क्लिअर कोट पडेपर्यंत त्यांना चहा पाजत बसवावं लागतं.

कारखान्यातला रंग आणि गॅरेजमधला रंग सारखा का नसतो, याचं उत्तरही मला तिथं मिळालं. कारखान्यात नुसता सांगाडा भट्टीत जातो, दीडशे अंशांच्या आसपास भाजला जातो. आपल्या गाडीत तोवर वायरी, सीट, प्लास्टिक सगळं बसलेलं असतं. तिला साठेक अंशांपलीकडं तापवता येत नाही. म्हणून इथं हार्डनर मिसळून रंग घट्ट करावा लागतो. हा हार्डनर फुप्फुसाला वाईट. अण्णांच्या पोराच्या तोंडाला चांगला डबल फिल्टरचा मास्क होता. अण्णांच्या तोंडाला रुमाल.

रॅपच्या बाजूनं भाच्यानं शेवटची वकिली केली ती आरटीओवरून. रंग बदलला तर आरसी बुकात नोंद करावी लागते, रॅपला कोण विचारतंय, असं त्याचं म्हणणं. आरसीवर सिल्व्हर आणि रस्त्यावर सॅटिन ग्रे, हे पोलिसानं हात केल्यावर त्याला समजावून सांगायला भाचा बरोबर असेलच असं नाही. फिल्म असो की रंग, गाडी नोंदीपेक्षा वेगळी दिसली की प्रश्न येणारच. आणि त्याच्या मोबाईलमधल्या नमुन्यांत एक मिलिटरीचा हिरवाही होता. ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखलेला आहे, केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२१ बघ म्हटलं, तर तो क्षणभर गप्प बसला. एवढं यश मला त्याच्यापुढं क्वचित मिळतं.

विम्याचं तर विचारूच नका. उसाच्या ओरखड्याचा क्लेम होतो. रंगाचं एकत्रित बिल असेल तर त्यातला पाव भाग माल धरतात आणि त्याच्या निम्मी रक्कम घसारा म्हणून कापतात. पण उन्हानं सोललेला टप म्हणजे नैसर्गिक झीज. ती तुमची तुम्ही बघायची.

भाच्याचं आणि माझं भांडण, असं मला वाटतं, रंगाचं नव्हतंच. त्याला गाडीचा कंटाळा आला होता आणि आमच्या गाडीचा टप आजारी होता. कंटाळ्यावर रॅप हा झकास उपाय आहे. गाडी तीन वर्षांची असती, रंग तुकतुकीत असता, तर मीही सॅटिन ग्रेला भुललो असतो. पण आजार झाकून तो बरा होत नाही. २०१९ च्या महापुरात दोन दिवस पाण्यात उभ्या राहिलेल्या एका ओळखीच्या गाडीला पुढं झकपक काळा रॅप केला होता. दारांच्या बुडाला फिल्मच्या आतून बुडबुडे उठले तेव्हा कळलं, गंज आत निवांत आपलं काम करत बसलाय. त्या गाडीचं दार उघडलं की आतली चौकट पांढरीच दिसायची, ते वेगळं. चौकटी रॅप करायचे पैसे वेगळे असतात.

दसऱ्याला दसरा चौकात राजघराण्याची मेबॅक मोटार येते. गर्दीत मागं उभं राहून, टाचा उंच करून जे काय दिसतं ती तिच्या अंगावरची चमकच असते. मी भाच्याला विचारलं, हिला रॅप करायचा का? तो म्हणाला, "मामा, कायबी काय बोलालाय, मार खाशीला."

शेवटी अख्खी गाडी रंगवायचीही गरज नाही, असं अण्णांनीच सांगितलं. टप, बॉनेट आणि उसानं ओरबाडलेली डावी दारं एवढंच रंगवायचं. पण सिल्व्हर हा जुळवायला सगळ्यांत अवघड रंग. त्यात ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात, ते फवारताना कसे आडवे-तिरपे बसले यावर रंग उजळ की काळपट दिसणार ते ठरतं. दाराच्या चौकटीवरचा कंपनीच्या रंगाचा कोड बरोबर असला तरी बारा वर्षं उन्हात तापलेला सिल्व्हर आता त्या कोडचा राहिलेला नाही. म्हणून नवा रंग शेजारच्या पत्र्यावर हळूहळू विरत न्यायचा आणि क्लिअर कोट मात्र त्या अख्ख्या पत्र्यावर मारायचा. अण्णा नमुन्याच्या पट्ट्या रंगवून, उन्हात नेऊन, तिरप्या धरून बघतात. पाऊस उघडल्याशिवाय हात लावणार नाही म्हणाले. हवेत ओल असली की रंगावर पांढुरकी झाक येते.

पंधरा वर्षं झाली की आरसीचं नूतनीकरण, तेव्हा पुन्हा आरटीओत गाडी दाखवावी लागणार. तोवर हा टप टिकला तरी पुष्कळ, असं मी म्हटलं. भाच्याचा हिशेब चालूच होता. "मामा, अख्खा रॅप वाचला न्हवं? मग त्या पैशात माझ्या बुलेटची टाकी करू या की. मॅट ब्लॅक. लई न्हाई लागत."

त्याच्या मामीनं ते आतून ऐकलं आणि विचारलं, वाचले म्हणजे नक्की किती. त्याचं उत्तर आम्हा दोघांपैकी कुणाकडंच नव्हतं.