दिव्याहून माणगाव, १० जुलै

आमच्या कळव्याच्या चाळीतल्या काकू माहेरच्या माणगावच्या. ‘तहसील कचेरीसमोर आमच्या यशवंतरावांचा पुतळा आहे, एकदा बघून ये,’ असं त्या कितीदा म्हणाल्या असतील. यशवंतराव म्हणजे दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढताना पडलेले सैन्यातले नाईक यशवंत घाडगे. यंदा १० जुलैला, त्यांच्या स्मृतिदिनी, निघाले. दिव्याहून सावंतवाडीची पॅसेंजर धरली.

डब्यात सगळे गावी निघालेले. समोरच्या आजी दिव्यात मुलाकडे राहतात, पण भातलावणीला त्यांना गाव लागतंच. ‘तू पण लावणीला का गं?’ त्यांनी विचारलं. मी पुतळ्याचं सांगितलं. ‘घाडग्यांचा? बरं केलंस बाई,’ म्हणाल्या आणि डब्यातली भाकरी माझ्यापुढे केली.

पेण मागे पडलं तशी दोन्ही बाजूंना खाचरं लागली. गुडघाभर चिखल, वाकलेल्या बायका, बांधावर रोपांच्या मुठी. इरली गेली, पाठीवर प्लास्टिकचे कागद आले, एवढाच काय तो फरक.

नाईक यशवंत घाडगे माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. जन्म १६ नोव्हेंबर १९२१. तेव्हा हा कुलाबा जिल्हा, आताचा रायगड. भाताचं एकच पीक, त्यावर अख्खं घर. कोकणातल्या तरण्या पोरांना त्या काळी वाटा दोनच, मुंबईची गिरणी नाहीतर पलटण. घाडगे पलटणीत गेले, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये. घरी बायको होती.

१० जुलै १९४४. इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. तुकडीतले सगळे पडले, कोणी ठार, कोणी जखमी. उरले एकटे घाडगे. ते थेट त्या मशीनगनवरच धावून गेले. हातबॉम्बने ती आणि ती चालवणारा संपवला, आणखी एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती. उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्यानेच मारलं. मग आडून नेम धरलेल्या शत्रूने त्यांना टिपलं. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मरणोत्तर मिळाला.

त्यांची शेवटची काही मिनिटं अशी तपशीलवार नोंदलेली आहेत. त्याआधीची बावीस वर्षं मात्र मला गाडीच्या खिडकीतूनच बघावी लागली. त्या दिवशी पळसगावातही हीच लावणी चालू असणार. घरचं कोणी असंच चिखलात वाकलेलं असेल, आणि तिकडे काय झालं याची त्यांना गंधवार्ताही नसेल. या विचाराने नागोठण्यापासून माणगावपर्यंत मला नीट बोलता आलं नाही.

२०२३मध्ये इटलीतल्या मोन्तोने गावाने त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचं लॅटिन वचन त्याच्यासाठी निवडलं आहे.

माणगावात पाऊस नुसता कोसळत होता. पुतळ्याजवळ छत्री धरून उभी राहिले, आणलेली फुलं वाहिली. कचेरीच्या पागोळीखाली एक काका सातबाऱ्याचे कागद पिशवीत गुंडाळून बसले होते, पोटऱ्यांपर्यंत चिखल. ते सरकले. ‘बसा ताई, भिजाल. मी पण लावणी अर्धी टाकून आलोय.’