उजव्या पायात रेबीज, डाव्या पायात ल्युकेमिया

आमच्या मिसळला, म्हणजे आमच्या मांजरीला, रेबीजची लस दिली ती मागच्या उजव्या पायात, गुडघ्याच्याही खाली. एवढ्या खाली का, असं मी सहज विचारलं. व्हेटबाईंनीही (जनावरांच्या डॉक्टर) सहजच सांगितलं, "पुढेमागे टोचल्या जागी कॅन्सर झाला तर पाय काढून मांजर वाचवता येतं. खांद्यांच्या मधोमध टोचलं, तर तिथलं किती कापणार?"

चार महिन्यांचं पिल्लू टेबलावर बसून स्टेथोस्कोपची नळी चावत होतं, आणि आम्ही त्याचा पाय कापायच्या गोष्टी करत होतो. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो भिंतीवरचा मांजरांच्या दातांचा तक्ता अतिशय बारकाईने वाचत होता.

वाईला आमच्याकडे जनावरांचे डॉक्टर यायचे ते म्हशीसाठी. टोचायचे, म्हशीच्या पाठीवर थाप मारायचे, चहा घेऊन जायचे. काय टोचलं, का टोचलं, हे विचारायची कुणाची प्राज्ञा नव्हती, आणि गरजही वाटत नव्हती. इथे अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समध्ये, तपासणी झाली की समोर एक कागद येतो. लशींची यादी, प्रत्येकीपुढे डॉलरचा आकडा, बहुतेकींशेजारी रिकामा चौकोन. "काय काय द्यायचं ते तुम्ही ठरवा, मी जरा वेळाने येते." अहो बाई, मी काय ठरवणार? मी दिवसभर गोदामांचे हिशेब बघते. आठ वर्षं शिकलात तुम्ही!

या देशाची ही गोष्ट मला अजून पचत नाही. सँडविच मागा, पाव कोणता ते विचारतील. दात दुखतोय म्हणा, तीन पर्याय आणि तीन किमती सांगतील. डॉक्टर तोंडाने कधी "हे करा" म्हणत नाहीत. "काही लोक असं करतात, काही तसं" असं म्हणून हसत गप्प बसतात, आणि आपण सही करतो, म्हणजे उद्या काही झालं तर ठरवलं होतं कुणी? आपणच. ज्या देशाने 2014 मध्ये पोलिओमुक्तीचा दाखला मिळवला, तिथली मी. तिथे घरोघरी जाऊन पोरांच्या तोंडात दोन थेंब टाकले, बोटाला शाई लावली आणि पुढचं दार वाजवलं. कुठल्या आईपुढे चौकोन ठेवला असता तर तो दाखला मिळाला असता का?

पण कॅन्सरची ती गोष्ट खरी होती. घरी येऊन वाचत बसले. पेनसिल्व्हेनियात 1987 मध्ये मांजरांना रेबीजची लस सक्तीची झाली. पुढच्या काही वर्षांत तिथल्या विद्यापीठातल्या पॅथॉलॉजिस्टना टोचल्या जागी विचित्र गाठी नेहमीपेक्षा जास्त दिसू लागल्या, आणि 1991 मध्ये त्यांनी ते छापून टाकलं. संशय गेला तो लस जोरदार व्हावी म्हणून काहींत घालतात त्या ॲल्युमिनियमच्या क्षारांवर. प्रमाण फार थोडं, साधारण दहा हजार मांजरांत एखादं असा अंदाज सांगतात. तरी तेवढ्यावरून अख्ख्या देशाच्या व्हेटांनी टोचायची पद्धत बदलली. रेबीज मागच्या उजव्या पायात, ल्युकेमिया (मांजरांत हा विषाणूने पसरतो) डाव्या पायात, तिसरी, म्हणजे तीन आजारांवरची तिरंगी लस, पुढच्या उजव्या पायात, कोपराच्या खाली. म्हणजे गाठ आलीच तर कुठल्या लशीने आली तेही कळतं. गाठ तीन महिने राहिली, किंवा दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी झाली, किंवा महिन्यानंतरही वाढतच राहिली, तर तुकडा काढून तपासायचा. आपल्याच औषधाचा दोष आपणच शोधायचा, छापायचा, आणि वर गिऱ्हाईकाला तोंडावर सांगायचा. हे मला जमलं नसतं. मी डॉक्टर असते तर म्हणाले असते, "काही होत नाही हो ताई, द्या बिनधास्त."

आता मांजराविषयी, कारण फोनवर सगळे पहिल्यांदा तेच विचारतात: विकत घेतलं? मांजर? हो, घेतलं. लेकीला साध्या मांजराचा त्रास होतो का ते बघायला शेल्टरमध्येही गेलो होतो, नाव नोंदवलं होतं, पण ते राहू दे. मिसळ बेंगॉल जातीची आहे. अंगावर बिबट्यासारखे ठिपके, धावते तेव्हा जिन्यावर गारगोट्या सांडल्यासारखा आवाज. किंमत इथे लिहिणार नाही. आईलाही सांगितलेली नाही.

ही जात संकराची आहे. आपल्या सह्याद्रीपासून पार रशियाच्या पूर्व टोकापर्यंत रानात सापडणारं बिबट मांजर आणि घरातलं मांजर यांचा संकर. कॅलिफोर्नियातल्या जीन मिल यांनी 1960 च्या दशकात पहिला प्रयत्न केला, मग मधे खंड पडला, आणि 1980 नंतर त्यांनी पुन्हा मनावर घेतलं. त्या वेळी त्यांना लागणारी संकरित पिल्लं मिळाली ती विलार्ड सेंटरवॉल या संशोधकाकडून. बिबट मांजराला ल्युकेमियाच्या विषाणूची लागण होत नाही असं दिसत होतं, त्याचं कारण शोधायला ते हे संकर करत होते. आणि मला सगळ्यात आवडलेला भाग: मिलबाई भारतात आल्या असताना दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात, गेंड्याच्या आवारात राहणारं एक ठिपकेदार रस्त्यावरचं मांजर त्यांना दाखवलं गेलं. ते त्या घेऊन गेल्या. 'मिलवुड टोरी ऑफ दिल्ली' या नावाने ते अनेक बेंगॉलांच्या वंशावळीत बसलेलं आहे. तेव्हा आम्ही काही अगदीच परकं मांजर घेतलेलं नाही.

मिसळ रानापासून बऱ्याच पिढ्या लांब आहे. मॅसॅच्युसेट्सचा कायदा म्हणतो की मागच्या तीन पिढ्यांत रानटी पूर्वज नको आणि जात नोंदवणाऱ्या मान्य संस्थेकडे मांजराची नोंद हवी. दोन्ही आहे. तरी मंडळाच्या कोजागिरीला एका मित्राने दूध आटवता आटवता सल्ला दिलाच, "व्हेटकडे साधं मांजर म्हणून लिहून टाक, कटकट नको." हा सल्ला अगदीच वेडा नव्हता. अमेरिकेत रानटी प्राण्यांसाठी आणि त्यांच्या संकरांसाठी रेबीजची एकही टोचायची लस मंजूर नाही. पहिल्या-दुसऱ्या पिढीच्या संकराने कुणाला चावलं, तर तुमचं लशीचं कार्ड सरकारी नजरेत रद्दी ठरू शकतं. आमचं मांजर या भानगडीत पडत नाही, ते पाळीवच धरतात, असं बाईंनी समजावलं. मग मी खरं तेच लिहिलं. लपवण्यासारखं काही नव्हतं म्हणूनही असेल.

खरी पंचाईत ब्रीडरच्या, म्हणजे ज्यांच्याकडून मांजर घेतलं त्यांच्या, करारपत्राने केली. त्यात कलम होतं: जिवंत (पण दुबळ्या केलेल्या) विषाणूची लस देऊ नये, ल्युकेमियाची लस देऊ नये, नाहीतर हृदयविकाराची दोन वर्षांची हमी रद्द. मांजराला हमी असते हेच मला घेताना कळलं होतं, त्यामुळे ती इतक्या लवकर गमवायची या विचाराने पोटात गोळा आला. (वॉशिंग मशीनचीसुद्धा मी सगळी पावती-कागदपत्रं पिशवीत जपून ठेवते.)

बाईंनी कलम वाचलं. त्यांचं म्हणणं असं: प्राणिसंग्रहालयांत रानटी मार्जारांना मृत विषाणूची लसच देतात, जिवंत विषाणू त्यांना कदाचित बाधेल या धास्तीने. ती धास्ती संकर पाळणाऱ्यांकडे आली आणि पिढ्या बदलल्या तरी राहिली. घरगुती मांजरात जिवंत लस लवकर काम करते. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या अंगात असते, ती लशीला निकामी करते, आणि ती नेमकी कधी ओसरेल ते प्रत्येक पिल्लात वेगळं. म्हणून तर तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवडे होईपर्यंत टोचत राहायचं. या काळात पॅनल्युकोपेनियाने (तिरंगी लशीतल्या तीन आजारांपैकी एक) गाठलं तर पिल्लू दोन-चार दिवसांत जातं. तेव्हा जे लवकर पोचेल ते द्यावं. ब्रीडरकडे आधीच्या मात्रा मृत विषाणूच्या झाल्या होत्या.

"मग जिवंत द्यायची ना?" मी विचारलं.

"तुमचं मांजर आहे, तुम्ही ठरवा," बाई म्हणाल्या.

बघा! एवढं सगळं सांगून शेवटी पुन्हा तेच. मी म्हणाले, "तुमचं मांजर असतं तर?" हा प्रश्न इथे सगळ्यांनी पाठ करून ठेवावा, कुठल्याही दवाखान्यात चालतो. त्यावर त्या पहिल्यांदाच सरळ बोलल्या. जिवंत तिरंगी लस, रेबीजची ॲल्युमिनियम नसलेली लस, आणि ल्युकेमियाही, कारण इथल्या शिफारशीत पहिल्या वर्षात ती सगळ्याच पिल्लांना द्यायची आहे. त्याआधी ल्युकेमियासाठी रक्ताची चाचणी. मी चौकोनांत खुणा केल्या. ल्युकेमियाच्या संशोधनामुळे जिचा वंश उभा राहिला, त्या मांजरीला ल्युकेमियाची लस नको, हे ब्रीडरचं कलम मला तसंही पटत नव्हतं.

रेबीजला चौकोन नव्हता. सहा महिन्यांच्या आत ती कायद्याने द्यावीच लागते, मांजर घराबाहेर पडो न पडो. इथे कुत्र्यांचा रेबीज जवळपास संपलाय. तो आहे रॅकून, स्कंक आणि वटवाघळांत, आणि पाळीव प्राण्यांत सगळ्यात जास्त सापडतो तो मांजरांत. घरात वटवाघूळ शिरलं आणि मांजराने पकडलं, तर लस दिलेल्या मांजराला लगेच बूस्टर आणि 45 दिवस घरी नजरेखाली. लस नसेल तर मारून टाकायचं, नाहीतर चार महिने कडक बंदिवास. गावागावाला त्यासाठी नेमलेला प्राणी-निरीक्षक असतो. मला हा धाक आवडला. जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त आपल्याकडे होतात. माझ्या मामांनी कुत्रं चावल्यावर पोटात चौदा इंजेक्शनं घेतलेली आहेत. ती गोष्ट आमच्याकडे अजून हसत सांगतात.

आईला फोन केला तर ती म्हणाली, "अगं, आपल्या मनीला कधी कसली लस दिली होती? म्हातारी होऊन गेली." खरंय. मनी माझ्या दहावीपासून ते लग्नापर्यंत होती. पण मनीची पिल्लं? दर वेळी चार-पाच व्हायची, माळ्यावर, आणि एक-दोन राहायची. बाकीची आजारी पडायची, कोपऱ्यात बसायची, पाणीसुद्धा प्यायची नाहीत. बोका खाऊन गेला, नजर लागली, असं काहीतरी म्हणून सोडून द्यायचो. आता पॅनल्युकोपेनियाच्या लक्षणांची यादी वाचताना ती पिल्लं आठवली. आईला हे बोलले नाही. ती त्यांच्यासाठी वाटीत दूध ठेवून रात्री उठून बघायची.

लशीच्या रात्री मिसळ जरा लंगडली, जेवली नाही, आणि दुसऱ्या दिवशी पडद्यावर चढली. आता सहा महिन्यांची झाली की तिरंगीचा आणखी एक डोस. पूर्वी वर्षाने द्यायचे, आता पहिल्या फेरीत निसटलेली पिल्लं लवकर सापडावीत म्हणून अलीकडे आणलाय.

करारात लशींची नोंद कळवायची अट होती, ती पाळली. कार्डाचा फोटो ब्रीडरला पाठवला. दोन ओळींचं उत्तर आलं. कलमानुसार हृदयाची हमी आजपासून संपली आहे. आणि मिसळ एक वर्षाची झाली की फोटो जरूर पाठवा, आमच्या भिंतीवर लावतो. नवरा म्हणाला, "पाठवू नकोस." मी पाठवणार आहे. मांजर दिसायला भारीच आहे.